जुने नौदली तोफगोळे खुणांवरून कसे ओळखायचे

तोफगोळ्याच्या अंगावर जे ठोकलेलं, कोरलेलं किंवा रंगवलेलं असतं, त्यावरून तो कुठे आणि केव्हा बनला, कोणत्या तोफेसाठी होता आणि तेव्हा त्यात काय भरलं होतं, एवढं कळू शकतं. आज त्याच्या पोटात काय आहे, हे मात्र त्यातली एकही खूण सांगत नाही. हा फरक या कामाचा पाया आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या फक्त अशाच गोळ्यासाठी आहेत, जो आतून रिकामा असल्याची खात्री अधिकृत तज्ज्ञाने केली आहे आणि तसा कागद सोबत आहे.

हात लावायच्या आधी

गोळा किनाऱ्यावर, खोदकामात, मासेमारीच्या जाळ्यात किंवा जुन्या घराच्या माळ्यावर सापडला असेल, तर ओळख पटवणं हे तुमचं काम नाही. तो हलवू नका, फिरवू नका, पुसू नका. माती किंवा गंज खरवडून ठसा वाचायचा मोह टाळा. आहात तिथूनच झूम करून दोन-तीन फोटो घ्या, मागे सरका, इतरांनाही दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा. बॉम्ब निकामी करणारं पथक पुढचं बघेल. फोटोत मापाचा अंदाज यावा म्हणून गोळ्यावर पेन किंवा नाणं ठेवायची गरज नाही, पथकाला अंदाज कसा घ्यायचा ते माहीत असतं.

‘इतका जुना आहे, आता काय होणार’ हा समज जीव घेतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात यादवी युद्धकाळातला ९ इंची नौदली गोळा साफ करताना फुटला आणि एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला. गोळा १४० वर्षांहून जुना होता. गोळ्यात भरलेली बंदुकीची काळी दारू पाण्यात भिजली तरी कायमची मरत नाही, सुकल्यावर पुन्हा पेटते. गोळा समुद्रतळावरून आला म्हणून तो निकामी झाला, असं कधीच धरू नये.

पिक्रिक ॲसिड या स्फोटकाची गोष्ट याहून वाईट. ब्रिटिशांनी १८८८ पासून ते ‘लिडाइट’ नावाने वापरलं, फ्रेंचांनी ‘मेलिनाइट’ म्हणून, जपान्यांनी ‘शिमोसे’ म्हणून. शिसं, तांबं, जस्त अशा धातूंशी त्याची हळूहळू प्रक्रिया होऊन पिक्रेट क्षार तयार होतात, आणि ते मूळ स्फोटकापेक्षा कितीतरी नाजूक असतात. म्हणजे असा गोळा जुना होत जातो तसा जास्त धोकादायक होतो. फ्यूजच्या (गोळ्यातला स्फोट सुरू करणाऱ्या भागाच्या) आट्यांभोवती पिवळे स्फटिक किंवा पिवळा डाग दिसला, तर कागद असो वा नसो, काम तिथेच थांबवा आणि तज्ज्ञाला बोलवा.

कागद पाहतानाही एक तपासा: तो याच गोळ्याचा आहे का? कागदावरचा लॉट नंबर (एकत्र बनलेल्या गटाचा क्रमांक), वजन आणि फोटो समोरच्या वस्तूशी जुळायला हवेत. ‘विकणारा म्हणाला रिकामा आहे’ ही खात्री नव्हे. बुडाला किंवा बाजूला भोक पाडलेलं दिसलं तरी तेवढ्यावर विसंबू नका. भोक आतल्या पोकळीपर्यंत पोचलं होतं का, आणि पोकळी खरंच धुऊन काढली का, हे बाहेरून कळत नाही.

पायरी १: काळ ठरवा, आकारावरून

ठसे वाचण्याआधी गोळ्याचा घाट बघा. त्यावरून निम्मा तपास आटोपतो.

अगदी गोल, ओतीव लोखंडाचा गोळा म्हणजे साध्या, आतून गुळगुळीत नळीच्या तोफांचा काळ, ढोबळमानाने १८६० च्या दशकापर्यंत. इथे पहिला प्रश्न ‘भरीव की पोकळ’ हा. व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा घन करा आणि ३.७७ ने गुणा. भरीव ओतीव लोखंडाचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. उदाहरणार्थ १५.६ सेंमी व्यासाला साधारण १४.३ किलो येतात, म्हणजे ब्रिटिशांचा ३२ पौंडी भरीव गोळा. वजन यापेक्षा बरंच कमी भरलं, तर तो पोकळ आणि दारू भरायचा गोळा असण्याची शक्यता आहे. वजन जास्त भरलं, तर तो ओतीव लोखंडाचा नसून पोलादाचा असेल, आणि बहुतेक वेळा तो तोफेचा नसतोच. दळणयंत्रातले पोलादी गोळे आणि खेळाच्या गोळाफेकीतले गोळे ‘तोफगोळे’ म्हणून सर्रास विकले जातात.

या हिशेबाला एक अपवाद आहे. ओतीव लोखंड दशकानुदशकं समुद्रात राहिलं की त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा उरतो. आकार तसाच राहतो, वजन खूप उतरतं, पृष्ठभाग नखाने कोरता येईल इतका मऊ होतो. अशा वेळी हलकं वजन म्हणजे पोकळ गोळा, असा निष्कर्ष काढता येत नाही. असा गोळा हवेत सुकू दिला तर तो तापतो आणि तडकतो, म्हणून तो संवर्धकाकडे जाईपर्यंत पाण्यातच ठेवतात.

टोकदार, लांबट गोळा असेल तर त्याला नळीत फिरकी कशी मिळत होती ते बघा.

संपूर्ण अंगावर शिशाचा थर असेल, तर १८५९ च्या सुमारास ब्रिटिशांनी स्वीकारलेली आर्मस्ट्राँगची मागून भरायची तोफ. अंगावर ओळीने पितळी किंवा तत्सम मिश्रधातूचे गुंडीसारखे खुंट बसवलेले असतील, तर १८६० च्या दशकाच्या मध्यापासून चाललेल्या, पुढून भरायच्या, आतून पिळाच्या खाचा असलेल्या नळीच्या ब्रिटिश तोफा. याच काळातले पॅलिझर गोळे चिलखती जहाजांसाठी होते. त्यांचं टोक साच्यातच झटकन थंड करून कडक केलेलं असे. षटकोनी छेदाचा पिळलेला गोळा व्हिटवर्थचा, तो ओळखायला चुकणं कठीण. बुडाशी पितळी कडं असेल, तर अमेरिकी यादवी युद्धातला पॅरट गोळा असू शकतो. आणि बुडाजवळ अंगात बसवलेलं तांब्याचं कडं, म्हणजे ड्रायव्हिंग बँड, दिसला की तुम्ही साधारण १८८० नंतरच्या जगात आलात. पुढचा बहुतेक मजकूर या शेवटच्या प्रकाराबद्दल आहे, कारण नवख्या माणसाच्या हाती तोच जास्त येतो.

पायरी २: माप घ्या, पण योग्य जागी

सर्वाधिक चुका इथेच होतात. गोळ्याचा व्यास तीन ठिकाणी तीन वेगळा भरतो. टोकाचा उतार संपतो तिथे, खांद्याशी, यंत्रावर गुळगुळीत केलेला एक पट्टा असतो. त्याला बोरलेट म्हणतात, आणि तो नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचितच कमी असतो. त्याच्या मागचं अंग आणखी थोडं बारीक असतं. तांब्याचं कडं मात्र नळीपेक्षा जाड असतं, कारण ते नळीच्या खाचांत दाबलं जाऊनच गोळ्याला फिरकी मिळते. म्हणून व्हर्नियर कॅलिपर बोरलेटवर लावा, तीन दिशांनी माप घ्या आणि सर्वांत मोठा आकडा धरा. गंजाच्या पापुद्र्यावर किंवा रंगाच्या जाड थरावर घेतलेलं माप एखाद्या मिलिमीटरने सहज चुकतं. कॅलिपर पुरत नसेल इतका मोठा गोळा असला, तर कापडी टेपने परीघ मोजून ३.१४१६ ने भागा.

आता हा आकडा तोफेच्या नावाशी जुळवताना सावध राहा. नाव आणि खरं माप नेहमी एक नसतं:

- ब्रिटिश नौदलाची ‘४.५ इंची’ तोफ प्रत्यक्षात ४.४५ इंचाची, म्हणजे ११३ मिमीची.
- जर्मन नौदलाची ‘१५ सेंमी’ तोफ १४९.१ मिमीची, तर ब्रिटिश, अमेरिकी आणि रशियन ६ इंची १५२.४ मिमीची. हा तीन मिमीचा फरक देश ठरवून टाकतो.
- जर्मन ‘१२.७ सेंमी’ खरी १२८ मिमीची आणि ‘२८ सेंमी’ खरी २८३ मिमीची.
- फ्रेंच १३८.६ मिमी, ब्रिटिश ५.५ इंची १३९.७ मिमी आणि जपानी १४ सेंमी १४० मिमी. हे तिघे कॅलिपरने वेगळे होत नाहीत, इथे ठसेच लागतात.
- जपानच्या ‘यामातो’ युद्धनौकेच्या ४६ सेंमीच्या तोफांना गुप्ततेसाठी कागदोपत्री ४० सेंमी म्हणत.

लहान तोफांत गोळ्यापेक्षा काडतुसाची पुंगळी जास्त बोलते. पुंगळीच्या तोंडाचा व्यास आणि लांबी, दोन्ही मोजा. ४० मिमीच्या बोफोर्सची पुंगळी ३११ मिमी लांब असते, ब्रिटिशांच्या २ पौंडी ‘पॉम-पॉम’ची फक्त १५८ मिमी. दोन्ही जहाजांवर विमानविरोधी कामाला होत्या आणि गोळ्याचा व्यास एकच, पण पुंगळी समोर ठेवली की संशय उरत नाही. ओर्लिकॉनची २० मिमी पुंगळी ११० मिमी लांब, हॉचकिसची ३ पौंडी ४७ मिमीची ३७६ मिमी लांब आणि ६ पौंडी ५७ मिमीची ३०७ मिमी लांब. ३७ मिमीचे छोटे गोळे ४५० ग्रॅमच्या आसपास का भरतात, याचंही कारण आहे: १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमखालच्या स्फोटक गोळ्यांवर बंदी घातली होती.

पुंगळी सोबत असली तरी ती त्याच गोळ्याची असेलच असं नाही. विक्रीसाठी जोड्या लावल्या जातात.

पायरी ३: तांब्याचं कडं वाचा

कड्यावर तिरप्या खाचा उमटलेल्या असतील, तर गोळा तोफेतून सुटलेला आहे. कडं गुळगुळीत असेल, तर तो डागलेला नाही. सुटलेला गोळा न फुटता सापडला, तर त्याचा फ्यूज सज्ज अवस्थेत असू शकतो. संग्राहकांच्या जगात ही सर्वांत धोकादायक वस्तू. कागद नसलेल्या गोळ्यावर अशा खाचा दिसल्या तर अंतर वाढवा. न डागलेला म्हणजे सुरक्षित, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

कागद असलेल्या गोळ्यावर या खाचा मोजण्यासारख्या असतात. कड्यावर खडूने एक खूण करा आणि तिथपासून पूर्ण फेरी मोजा. ब्रिटिशांच्या १५ इंची तोफेच्या नळीत ७६ खाचा होत्या, अमेरिकेच्या आयोवा वर्गातल्या युद्धनौकांच्या १६ इंची तोफेत ९६, आणि ‘५ इंच ३८ कॅलिबर’ तोफेत ४५. कडं अर्धं झिजलेलं असेल तर एक चतुर्थांश भाग मोजून चौपट करा, पण मग दोन-तीनची चूक गृहीत धरा.

कडं गायब असणं हीदेखील खूण आहे. तांब्याला किंमत असल्याने भंगारवाले कडं छिन्नीने काढून नेतात आणि मागे रुंद खाच उरते. त्या खाचेच्या तळाशी नागमोडी किंवा चौकटीच्या रेघा दिसतात. कडं नळीत घसरू नये म्हणून त्या कारखान्यातच पाडलेल्या असतात, तो गंज किंवा तोडफोड नव्हे. दुसऱ्या महायुद्धात तांबं टंचाईचं झालं तेव्हा जर्मनांनी पर्याय वापरले. ‘केपीएस’ असा ठसा म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं पोलादी कडं, ‘एफईएस’ म्हणजे लोखंडाच्या भुकटीपासून घडवलेलं. लाल गंजलेलं कडं पाहून ‘हे नंतर बसवलंय’ असं ठरवण्याआधी हे ठसे शोधा.

पायरी ४: ठसे

रंग बदलता येतो, धातूत ठोकलेलं अक्षर सहज बदलत नाही. म्हणून ठसा आणि रंग यांच्यात भांडण असेल तर ठशाच्या बाजूने उभे राहा.

ठसे तीन ठिकाणी शोधा: खांद्यावर, कड्याच्या लगेच वर, आणि बुडाच्या सपाट भागावर. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात सावलीमुळे उठून येतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी फोटो घ्या, कारण १ आणि ७, ३ आणि ८ यांची गल्लत एकाच फोटोत हमखास होते. मऊ कागद ठेवून पेन्सिलीने हलकं घासलं तर ठशाची प्रत मिळते. तारेचा ब्रश, ग्राइंडर, सँडब्लास्टिंग, ॲसिड यांतलं काहीही वापरू नका. त्यांनी उथळ ठसे आणि उरलासुरला मूळ रंग कायमचे जातात, आणि ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोटही होऊ शकतो.

ब्रिटिश. सर्वांत आधी रुंद बाण शोधा, पक्ष्याच्या पायासारखी तीन रेघांची ही खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर माल सेवेतून काढून विकलेला. मग कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचात आणि मार्क, म्हणजे आराखड्याचा क्रमांक. मार्कचा आकडा १९४४ च्या सुमारापर्यंत रोमन लिपीत असे, नंतर साधा झाला, त्यामुळे काळाचा अंदाज आकड्याच्या लिपीवरूनच येतो. इंग्रजी ‘एन’ हे अक्षर नौदलासाठी आणि ‘एल’ हे भूदलासाठी. सहा इंची गोळे दोन्हीकडे असल्याने हे एक अक्षर निर्णायक ठरतं. ‘एफएस’ म्हणजे घडीव पोलाद, ‘सीएस’ ओतीव पोलाद, ‘सीआय’ ओतीव लोखंड. बाकी कारखान्याची आद्याक्षरं, लॉट आणि महिना-वर्ष.

अमेरिकी. इथला नियम सोपा आहे. नौदल ‘मार्क’ आणि ‘मॉड’ वापरतं, जसं मार्क ८ मॉड ०. भूदलाच्या नावात १९२५ च्या सुमारानंतर नुसतं ‘एम’ आणि आकडा असतो, जसं एम १०७. त्याशिवाय नौदलाच्या निरीक्षकाचा छोटा नांगर आणि त्याची आद्याक्षरं ठोकलेली असतात. ‘५ इंच ३८ कॅलिबर’ यातला ३८ हा नळीच्या लांबीचा आकडा आहे: नळी व्यासाच्या ३८ पट लांब. बंदुकीच्या .३८ कॅलिबरशी त्याचा काही संबंध नाही.

जर्मन. कॅलिबर सेंटिमीटरमध्ये आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. ‘एल/४,६’ म्हणजे गोळा व्यासाच्या ४.६ पट लांब. तोफेच्या नावातही ‘एल’ येतो, पण तिथे तो नळीची लांबी सांगतो. आकडा ४-५ च्या आसपास असेल तर गोळा, ४०-५० असेल तर तोफ. ‘सी/३४’ हे आराखड्याचं वर्ष, १९३४, उत्पादनाचं नव्हे. ‘केझेड’ म्हणजे फ्यूज टोकाला, ‘बीडीझेड’ म्हणजे बुडाला. जर्मन सम्राट कैसरच्या काळातल्या नौदली मालावर मुकुटाखाली ‘एम’ दिसतो, हिटलरच्या काळातल्या मालावर गरुडाखाली ‘एम’. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याच्या नावाऐवजी लहान लिपीतली गुप्त अक्षरं येऊ लागली.

जपानी. इथेही नांगर आहे, म्हणून नुसता नांगर पाहून ‘अमेरिकी’ म्हणू नका, शेजारची लिपी बघा. वर्ष बहुधा शोवा कालगणनेत असतं. त्यात १९२५ मिळवा, म्हणजे शोवा १५ हे १९४० होतं. शस्त्राच्या नावातला ‘प्रकार ९१’ मात्र दुसऱ्याच गणनेतला, जपानी साम्राज्यवर्ष २५९१ चे शेवटचे दोन आकडे, म्हणजे १९३१. दोन्ही गणना एकत्र आल्या की गोंधळ ठरलेला, त्यामुळे कोणता आकडा कशाचा, हे आधी लिहून घ्या.

कोणत्याही देशाच्या गोळ्यावर एक गोष्ट सारखी: सगळेच आकडे तारखा नसतात. पोलादाच्या ओताचा क्रमांक, वजन, चाचणीचा क्रमांक हेही ठोकलेले असतात. ‘१६’ दिसला म्हणजे १९१६ असं घाईने म्हणू नका. आधी कॅलिबर आणि लॉट ओळखून बाजूला काढा, उरलेल्या आकड्यांत तारीख शोधा.

पायरी ५: रंग

रंग आणि स्टेन्सिलची अक्षरं गोळा भरताना येत, त्यामुळे आत काय भरलं होतं याचा पहिला पुरावा तोच. पण रंग उडतो, आणि संग्राहक हौसेने पुन्हा रंगवतात. नवा, एकसारखा, चकचकीत रंग म्हणजे पुरावा पुसला गेला असं समजा. कड्याच्या खाचेत आणि फ्यूजच्या खोबणीत जुना थर टिकून राहतो, तिथे भिंगाने बघा.

ब्रिटिश पद्धतीत पिवळं अंग म्हणजे मुळात लिडाइट, काळं अंग म्हणजे काळ्या दारूचा जुना ‘कॉमन’ गोळा. टोकाजवळचा लाल पट्टा म्हणजे गोळा भरलेला आहे. पिवळ्यावर हिरवा पट्टा आला तर टीएनटी किंवा त्याचं मिश्रण. याला एक ठळक अपवाद आहे. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिशांचे चिलखतभेदी गोळे जर्मन चिलखतावर आदळतानाच फुटत किंवा तुकडे होत, कारण लिडाइट धक्का सोसत नसे. त्यानंतर शेलाइट नावाचं दुसरं स्फोटक भरलेले नवे गोळे आले आणि १९१८ मध्ये ताफ्यापर्यंत पोचले. ते हिरवे रंगवलेले होते, म्हणून खलाशी त्यांना ‘ग्रीन बॉय’ म्हणत. त्या काळचा मोठा ब्रिटिश गोळा पूर्ण हिरवा दिसला तर तो धुराचा नव्हे.

अमेरिकी नौदलात दुसऱ्या महायुद्धात सरावाचे गोळे लाल असत. १९६० च्या दशकात आलेल्या आणि आजही चालणाऱ्या पद्धतीत सरावाला निळा, धुराला फिकट हिरवा, प्रकाश देणाऱ्या गोळ्याला पांढरा, रासायनिकाला राखाडी, चिलखतभेदीला काळा आणि स्फोटकाला गडद हिरव्यावर पिवळी अक्षरं. ही नवी यादी पाठ करून ती १९४४ च्या गोळ्याला लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी तारीख ठरवा, मग त्या काळची यादी लावा. निळा गोळासुद्धा ‘निरुपद्रवी’ नसतो, सरावाच्या गोळ्यात पडल्याची जागा दिसावी म्हणून लहान स्फोटक असू शकतं.

मोठ्या चिलखतभेदी गोळ्याच्या पोकळ टोपीत कधी रंगाची भुकटी सापडते. एकाच लक्ष्यावर अनेक जहाजं मारा करत असली की कोणाचा गोळा कुठे पडला हे पाण्याच्या रंगीत फवाऱ्यावरून कळावं, म्हणून ती भरत. अमेरिकी युद्धनौकांत आयोवाचा रंग नारिंगी, न्यू जर्सीचा निळा, मिसूरीचा लाल, विस्कॉन्सिनचा हिरवा. ही भुकटी स्फोटक नाही, पण ती कशाची आहे हे ठरवणं तज्ज्ञाचं काम.

पायरी ६: फ्यूजची जागा आणि गोळ्याचं काम

फ्यूज टोकाला असेल तर आदळताच किंवा हवेत फुटणारा स्फोटक गोळा. टोक भरीव किंवा टोपीबंद आणि फ्यूज बुडाला असेल तर चिलखत भेदून आत फुटणारा. काहींना दोन्हीकडे जागा असते. बुडाच्या झाकणावर पान्यासाठी दोन किंवा जास्त भोकं दिसतात. ती दिसली म्हणून झाकण उघडून पाहायचं नाही, रिकाम्या गोळ्याचंही नाही, कारण आट्यांत अडकलेल्या अवशेषांचा भरवसा नसतो.

वजनावरून काम कसं कळतं ते अमेरिकेच्या १६ इंची गोळ्यांत स्वच्छ दिसतं. चिलखतभेदी मार्क ८ चं वजन १,२२५ किलो आणि आत स्फोटक फक्त १८.५ किलो. त्याच तोफेचा स्फोटक मार्क १३ गोळा ८६२ किलोचा, पण आत सुमारे ७० किलो. चिलखतभेदी गोळ्याची भिंत इतकी जाड असते की तो हाताला आणि ठोकल्यावरच्या आवाजालाही भरीव वाटतो. ‘हा तर नुसता लोखंडाचा ठोकळा’ म्हणून अंगणात दरवाजाला अडणी लावलेले असे गोळे जिवंत निघालेले आहेत, म्हणून ठोकून आवाज ऐकायची पद्धत पूर्ण सोडून द्या.

ब्रिटिश वजनं तुलनेसाठी: १२ पौंडी गोळा ५.७ किलो, जुना ६ इंची ४५.४ किलो, क्रूझरवरच्या नव्या ६ इंची तोफेचा ५०.८ किलो, १५ इंची सुमारे ८७१ किलो. लंडनमध्ये ठेवलेल्या ‘बेलफास्ट’ या जहाजावर या नव्या ६ इंची तोफा पाहता येतात, आणि इंपीरियल वॉर म्युझियमसमोर १५ इंची तोफांची जोडी उभी आहे. फोटोंपेक्षा अशा खात्रीच्या नमुन्यांवरून डोळा लवकर तयार होतो.

पायरी ७: सगळं जुळवून बघा

समजा, बोरलेटवर माप १५१.९ मिमी आलं. टोकाला फ्यूजची जागा, एक रुंद तांब्याचं कडं, त्यावर तिरप्या खाचा. खांद्यावर रुंद बाण, ‘६ इंच’, रोमन आकड्यात मार्क, ‘एन’, ‘एफएस’ आणि ‘४/१७’. वरचा रंग राखाडी, कड्याच्या खाचेत त्याखाली पिवळा, टोकाजवळ लाल पट्ट्याचा तुकडा.

मापावरून जर्मन १५ सेंमी बाद. बाण आणि ‘एन’ यांवरून ब्रिटिश नौदल. एप्रिल १९१७ चं उत्पादन, घडीव पोलाद. डागलेला. पिवळा आणि लाल यांवरून भरलेला स्फोटक गोळा, हिरवा पट्टा दिसत नसल्याने लिडाइटकडे कल, पण पट्टा उडालाही असेल, म्हणून ‘बहुधा’. राखाडी रंग नंतरचा. आणि डागलेला, भरलेला, बहुधा लिडाइटचा, असं चित्र समोर आल्यावर पुन्हा एकदा कागद काढून बघा: त्यावर हाच लॉट नंबर आहे ना? नसेल, तर हा गोळा सापडलेल्या गोळ्यांच्या रांगेत गेला, आणि त्याला पहिल्या भागातले नियम लागू झाले.

नोंद करताना जे दिसलं ते आणि जे अनुमान केलं ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ठसा जसा आहे तसाच उतरवा, न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा, अंदाजाने भरू नका. माप कुठे घेतलं, वजन कोणत्या काट्यावर केलं, फोटोचे क्रमांक, गोळा कुठून आला, रिकामा केल्याचा कागद कोणी आणि कधी दिला, हे सगळं एका पानावर. त्या पानाची एक प्रत आणि कागदाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून गोळ्यालाच सुती दोरीने बांधा. चिकटपट्टी रंगाचा थर उचलते आणि तार ठशांवर ओरखडे पाडते.